खापर वाऱ्याच्या माथी

गेल्या हिवाळ्यात एका रात्री, दोनच्या सुमारास, आमच्या घरातली सगळी माणसे खोकत उठली. डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीपासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना त्या वासाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. प्रथम नाकाला कुजलेल्या कांद्यासारखा काही भास होतो, मग घसा धरतो, आणि पाठोपाठ डोळ्यांना पाणी येते. खिडक्या लावल्या, पत्नीला वाफ दिली, आणि रात्रीच्या तक्रारींसाठी जो दूरध्वनी क्रमांक जाहीर झालेला आहे त्यावर फोन केला. पलीकडचा तरुण सौजन्याने बोलला. "काका, वारा फिरलाय. थंडीत असं होतंच. सकाळी ऊन वर आलं की जाईल," असे त्याने सांगितले. सकाळी नऊच्या पुढे वास खरोखरच गेला.

त्या तरुणावर माझा राग नाही. त्याने सांगितलेले भूगोलाच्या दृष्टीने अचूक होते. परंतु हेच वाक्य, जरा अधिक संस्कृतप्रचुर होऊन, दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत वरच्या पायऱ्यांवरूनही ऐकू येते. 'भौगोलिक रचना' आणि 'प्रतिकूल हंगामी हवामान' ही दोन विशेषणयुक्त नामे पत्रकात आली की प्रश्न मिटला असे मानण्याची रीत पडली आहे. मुंबईतही २०२२-२३ च्या हिवाळ्यात हवा बिघडली तेव्हा प्रशांत महासागरातील 'ला निना'चे नाव पुढे आले. समुद्रावरून येणारा वारा त्या वर्षी मंदावला होता आणि त्याचा संबंध ला निनाशी जोडणारे शास्त्रज्ञ जबाबदार होते, हे मी मान्य करतो. मात्र शास्त्रज्ञाने दिलेले कारण आणि शासनाने पुढे केलेली सबब यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुसून टाकण्याच्या उद्योगाविरुद्ध हा लेख आहे. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांशीही मला याच संदर्भात थोडे भांडायचे आहे. पण ते पुढे.

आधी भूगोल. डोंबिवलीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला उल्हास खाडी आहे. नैऋत्येला मुंब्रा-पारसिकचे डोंगर, आग्नेयेला मलंगगडाची रांग, आणि तिच्यामागे माथेरान-प्रबळचा कडा. म्हणजे आपण एका पसरट परातीत राहतो, जिचा काठ फक्त खाडीच्या बाजूने खाली आलेला आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. ते धूर उचलून कल्याण-बदलापूरच्या दिशेने नेतात. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटतो, आणि डोंगरउतारांवरची थंड, जड हवा पाण्यासारखी सखल भागाकडे, म्हणजे खाडीकडे, हळूहळू वाहू लागते. शाळेच्या पुस्तकात यालाच मतलई वारे म्हटलेले असे. आता औद्योगिक वसाहत कोठे आहे? लोहमार्गाच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगाला. डोंगर आणि दाट वस्ती यांच्या मधोमध. रात्री डोंगराकडून निघालेली हवा आधी कारखान्यांवरून जाते आणि नंतर आमच्या अंथरुणांवरून. एवढे समजायला प्राध्यापक असावे लागत नाही. सागर्ली-सोनारपाड्याचा कोणीही जुना शेतकरी, शेकोटीचा धूर रात्री कोणत्या बाजूला लोळतो हे सांगू शकला असता. त्याला कोणी विचारले नाही.

याच्या जोडीला ऋतू. एरवी जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते, म्हणून जमिनीजवळची ऊबदार हवा वर चढते आणि धूर बरोबर घेऊन जाते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते, रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड होते, आणि वर तुलनेने ऊबदार हवेचा थर राहतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. परातीवर झाकण पडावे तसा हा प्रकार असतो. उदाहरणादाखल समजा, दुपारी धूर हजार मीटर उंचीपर्यंत मिसळू शकतो आणि पहाटे तेच झाकण शंभर मीटरवर आले. चिमण्यांतून निघणारा धूर तेवढाच राहिला आणि वारा तेवढाच राहिला, तरी श्वासातले विष दहापट होईल. प्रत्यक्षात पहाटे वाराही पडलेला असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी जो कारखाना निरुपद्रवी भासतो, तोच, एक किलो जास्त इंधन न जाळता, जानेवारीच्या पहाटे घातक होतो.

आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे उंच चिमणीचे समर्थक सहसा लक्ष वेधत नाहीत. चिमणी झाकणाच्या वर गेली तर रात्रभर धूर वरच तरंगतो आणि खालच्यांना वाटते की सुटलो. सकाळी ऊन पडले, जमीन तापली की खालून हवा घुसळली जाते, झाकण फुटते, आणि रात्रभर साठलेला धूर एकदम खाली येतो. ही वेळ साधारणपणे आठ ते नऊची असते. मुले शाळेत जाण्याची आणि फलाट क्रमांक पाचवर माणसाला माणूस लागून उभा राहण्याचीही तीच वेळ.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. नैऋत्येचा वारा जोरकस असतो, पाऊस हवा धुऊन काढतो, आणि चार महिने आपण मोकळा श्वास घेतो. (त्या दिवसांत नाल्यांना कोणते रंग येतात हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पुराच्या पाण्याबरोबर काय काय सोडून दिले जाते ते खाडीच्या काठचे कोळी सांगतील.) परंतु पावसाळ्याची ही कृपा हिशेबाच्या वहीत कशी वापरली जाते ते पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे सरासरी या वस्तूविषयी माझ्या मनात प्रेम आणि संशय दोन्ही आहेत. २००९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये आणि २४ तासांची सरासरी ६० च्या वर जाऊ नये. आता हा हिशेब करून पाहा. पावसाळ्याचे चार महिने आकडा १६ राहिला आणि उरलेले आठ महिने ५२ राहिला, तर वर्षाची सरासरी बरोबर ४० येते. कायद्याचा भंग झाला नाही. तसेच दिवसाचे. अठरा तास ४० आणि रात्रीचे सहा तास १२० असा आकडा असेल, तर २४ तासांची सरासरी बरोबर ६०. पुन्हा कायदा अभंग. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही केंद्राच्या नोंदी नव्हेत. पण यातून यंत्रणा कशी चालते ते दिसते. मोसमी पाऊस ही निसर्गाने कोकणातल्या सर्व माणसांना दिलेली देणगी. तिचे रूपांतर कारखानदाराला मिळणाऱ्या अनुदानात झाले आहे. आठ महिने जे सोडायचे त्याची परवानगी चार महिन्यांचा पाऊस मिळवून देतो, आणि रात्री जे सोडायचे त्याची परवानगी दुपारचा खारा वारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा ५ पर्यंत खाली आणली, हे येथे नोंदवून ठेवतो. आपल्या ४० च्या तुलनेत तो आकडा स्वप्नवत वाटतो, आणि त्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे.

'वारा फिरला' हे उत्तर काही डोंबिवलीत जन्मलेले नाही. त्याला चांगला शतकभराचा इतिहास आहे. १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधील म्यूज नदीच्या अरुंद खोऱ्यात, जेथे पोलाद, जस्त आणि काचेचे कारखाने ओळीने उभे होते, विपरीततेचे झाकण काही दिवस हलले नाही आणि साठच्यावर माणसे मेली. तेथील चौकशीत काम केलेल्या फिर्के या वैद्यकाने नंतर लिहून ठेवले की हेच लंडनमध्ये घडले तर ३२०० माणसे दगावतील. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ते घडले. सुरुवातीच्या सरकारी हिशेबाने मृत्यू ४००० च्या आसपास गेले, आणि पुढील संशोधनाने हा आकडा १२००० पर्यंत नेला. सरकारने मधल्या काळात इन्फ्लुएंझाला दोष देऊन पाहिले. या दोन घटनांच्या मध्ये, १९४८ च्या ऑक्टोबरअखेरीस, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोनोरा नावाच्या कारखान्याच्या गावात असाच प्रसंग घडला. मोनोंगहेला नदीच्या वळणात, डोंगरांच्या कुशीत बसलेले, चौदाएक हजार वस्तीचे गाव. जस्ताचा कारखाना, पोलादाचा कारखाना, आणि वर झाकण. काही दिवसांत २० माणसे मेली आणि जवळजवळ निम्मे गाव आजारी पडले. जस्ताच्या भट्ट्या रविवारी सकाळपर्यंत चालूच होत्या; त्या मंद केल्यानंतर थोड्याच वेळात पाऊस आला आणि हवा निवळली. कंपनीची भूमिका काय होती? ही देवाची करणी, हवामानाचा प्रकोप. मोठ्या भांडवलदाराने आपला वकील म्हणून परमेश्वराला उभे केल्याचे इतके निःसंकोच उदाहरण दुसरे मला आठवत नाही.

आणि भोपाळ. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र. थंडी, मंद वारा, जमिनीला चिकटून राहणारी हवा, आणि हवेपेक्षा जड असा मिथिल आयसोसायनेट. तो वायू आकाशात विरून गेला नाही, कारखान्यालगतच्या झोपडवस्त्यांतून रांगत गेला. भोपाळची चर्चा आपण बहुराष्ट्रीय कंपनी, निकामी सुरक्षायंत्रणा आणि अमेरिकन न्यायालये यांच्या संदर्भात केली, ती योग्यच होती. परंतु डिसेंबरच्या रात्री तो वायू कसा वागेल हे ठाऊक असूनही त्या वस्त्या आणि ती टाकी एकमेकांशेजारी राहू दिली गेली, हा मुद्दा आपल्या ठरावांत तितकासा आला नाही. म्यूजच्या खोऱ्यानंतर चौपन्न वर्षांनी भूगोल आपल्याला अपरिचित होता असे कोणीही म्हणू शकत नाही.

आता डोंबिवलीला परत येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. मुंबईवरचा भार कमी करावा, उद्योग बाहेर न्यावेत, हा विचार चुकीचा नव्हता. विकेंद्रीकरणाची मागणी समाजवादी व्यासपीठांवरूनही होतच होती. रेल्वे होती, उल्हासचे पाणी होते, जमीन स्वस्त होती. रंग, रंगांसाठी लागणारी मध्यम रसायने, औषधी द्रव्ये, कापड प्रक्रिया असे छोटे-मध्यम कारखाने आले. जागा निवडताना वाऱ्याचा विचार झाला नाही, आणि पुढे ज्यांच्या हाती नियोजन होते त्यांनी कारखाने आणि घरे यांच्यामधली मोकळी जमीनही राहू दिली नाही. येथे बांधकाम व्यावसायिकाचे नाव घेतलेच पाहिजे. आज कारखान्याच्या भिंतीला इमारतीची भिंत टेकलेली दिसते, आणि कारखानदार म्हणतो की आम्ही आधी आलो, घरे नंतर आली. त्याचे म्हणणे अंशतः खरे आहे. पण घरे आकाशातून पडली नाहीत. आराखडे कोणीतरी मंजूर केले, बांधकामाच्या परवानग्या कोणीतरी दिल्या, सत्तावीस गावे पालिकेत घालण्याचा आणि बाहेर काढण्याचा खेळ १९८३ पासून तीनदा झाला, आणि या सगळ्या काळात शीळ रस्त्यावर मजले चढत राहिले. परळ-लालबागच्या चाळीतून परवडत नाही म्हणून बाहेर पडलेला कामगार आणि कारकून येथे आला, कारण मुंबईत त्याला घर मिळणार नव्हते. तो स्वखुशीने धुराशेजारी राहायला आला असे म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ मला भेटला तर त्याला मी एक जानेवारी आमच्या गच्चीवर काढायला सांगेन.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात ७० च्या वर गुण म्हणजे 'गंभीररीत्या प्रदूषित'. डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. महाराष्ट्रात फक्त चंद्रपूर पुढे होते. त्यानंतर २०१४ च्या जानेवारीत अवकाळी पाऊस पडला आणि तो हिरवा पडला. २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, मंत्री आले, पाहून गेले. २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मेली. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात भट्टी फुटली आणि पुन्हा दहाहून अधिक गेले. दोन्ही वेळा मे महिना होता, आणि उष्म्याविषयीही बोलले गेले. मे महिना दर वर्षी येतो.

जबाबदारी कोणाची असे विचारले की पत्ते पिसले जातात. महामंडळ म्हणते, आमचे काम भूखंड, रस्ते आणि पाणी. पालिका म्हणते, औद्योगिक क्षेत्र आमच्याकडे नाही. प्रदूषण मंडळ म्हणते, नमुने घेतले, मर्यादेत आहेत; नमुने दुपारी घेतले होते हे विचारल्याशिवाय कळत नाही. वाऱ्याला यांच्या हद्दी माहीत नसतात. नदीचे जसे खोरे असते तसे हवेचेही खोरे असते, आणि आपल्या खोऱ्यात डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि खाडीपलीकडची भिवंडी एकत्र आहेत. २०१९ च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही नावे स्वतंत्र शहरे म्हणून आहेत, जणू त्यांच्यावर दोन वेगळी आकाशे आहेत. दुपारी डोंबिवलीचा धूर बदलापूरला पोचतो, त्याचे उत्तर बदलापूरने द्यायचे. आणि या कार्यक्रमाचा पैसा कोठे गेला? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. उद्योगांवर एक टक्काही नाही. धूळ झाडणारी यंत्रे विकत घेता येतात, त्यांचे उद्घाटन करता येते, आणि धूळ कोणाच्या निवडणूक निधीला वर्गणी देत नाही.

माझ्या विषयाबद्दल थोडे बोलणे भाग आहे. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिले होते की शहरातल्या धुराची किंमत, म्हणजे कपडे धुण्याचा, घरे साफ करण्याचा, दिवे लवकर लावण्याचा खर्च, कारखानदाराच्या हिशेबात येत नाही. ती इतरांच्या माथी बसते. त्याने कराचा उपाय सुचवला. कॅप या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये त्यापुढे जाऊन म्हटले की हा बाजाराचा अपवादात्मक दोष नसून खाजगी उद्योगाची चालण्याची रीतच आहे. खर्च दुसऱ्यावर ढकलता येतो म्हणूनच नफ्याचा आकडा तेवढा दिसतो. मी वर्गात दोघांनाही शिकवले आणि, कबूल करतो, पिगूकडे माझा कल अधिक होता. डोंबिवलीने मला कॅपकडे नेले. वायू धुऊन काढणाऱ्या स्क्रबरला वीज लागते, रसायन लागते, माणूस लागतो. रात्रपाळीला काम केलेले कामगार सांगतात की तपासणीचा माणूस येणार नसेल तेव्हा तो बंद ठेवण्यात मालकाची बचत होते. ती बचत म्हणजेच माझ्या शेजारच्या पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंच्या मुलाचा इनहेलर. खर्च नाहीसा झालेला नाही, तो खतावणीच्या एका पानावरून दुसऱ्यावर गेला आहे, आणि दुसरे पान ज्यांच्या नावे आहे त्यांना वहीच दाखवली जात नाही.

आणि ऋतूचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मी खिडक्या लावून घेऊ शकतो. आमच्या इमारतीचा रखवालदार लावू शकत नाही. पहाटे चारला भाजी उतरवणारा, दूध टाकणारा, नाक्यावर कामाची वाट पाहत उभा राहणारा, आणि रस्ता झाडणारी सफाई कामगार स्त्री, ही सगळी माणसे झाकण सर्वांत खाली असताना घराबाहेर असतात. हवेतला आकडा एकच. पण फुप्फुसात जाणारा हिस्सा कामाच्या वेळेवर ठरतो, आणि कामाची वेळ वर्गावर.

आता मित्रांशी भांडण. दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ कामगार कार्यकर्त्याने मला थांबवले. "सर, धूर बंद झाला तर चूल बंद होईल," असे ते म्हणाले. स्वच्छ हवा ही निवृत्त माणसांची आणि मोठ्या गृहसंकुलांतल्या मध्यमवर्गाची चैन आहे, त्यामागे कारखान्यांच्या जमिनी मोकळ्या करून घेऊ पाहणारे बिल्डर आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. या म्हणण्यातला दुसरा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिरणगावात काय झाले ते आपण पाहिले आहे. गिरण्या गेल्या, मनोरे आले, आणि गिरणी कामगार घरासाठी अर्ज करीत म्हातारा झाला. औद्योगिक वसाहतीची जमीनही कोणाच्या तरी नजरेत असणारच. म्हणूनच २०२२ मध्ये दीडशेच्यावर रासायनिक कारखाने पाताळगंगेला हलवण्याची घोषणा झाली आणि २०२४ च्या स्फोटानंतर स्थलांतराची भाषा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. येथील कंत्राटी कामगार पाताळगंगेला रोज कसा जाणार याचे उत्तर त्या घोषणेत नव्हते. आणि पाताळगंगेचे खोरे म्हणजे काय? एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला माथेरान-कर्नाळ्याचे डोंगर. पुन्हा एक परात. तेथे पहाटेचा धूर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर लोळेल. त्यांच्याकडे तक्रारीचा दूरध्वनी क्रमांकही नसेल.

परंतु त्या ज्येष्ठ मित्राच्या म्हणण्यातला पहिला भाग मला मान्य नाही, आणि तो आपण मान्य करीत राहिलो याची किंमत आपल्याला मोजावी लागली आहे. स्क्रबर चालू ठेवल्याने चूल बंद होत नाही, मालकाच्या नफ्यातला एक तुकडा कमी होतो. तो तुकडा आणि कामगाराची नोकरी एकच आहेत असे मालक सांगतो. कामगार संघटनेने ते मालकाच्या तोंडचे वाक्य आपल्या तोंडी का घ्यावे? कारखान्याच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. ज्या झाकणाखाली आम्ही रात्री चार तास खोकतो, त्याच झाकणाखाली भट्टीजवळचा माणूस आठ तास उभा असतो आणि नंतर त्याच गावात झोपायला जातो. वेतनवाढीच्या मागणीपत्रकात महागाई भत्त्याचे कलम असते, साबण-टॉवेलचेही असते. हवेचे का नसावे? हा प्रश्न आपण सोडून दिला, म्हणून तो गृहसंकुलांच्या समित्यांकडे गेला, आणि ते साहजिकच कारखाने घालवा एवढेच म्हणतात.

मागायचे काय, तेही सांगतो. विपरीतता अकस्मात येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मध्यरात्र ते सकाळी नऊ, हा तिचा काळ ठरलेला आहे. हवामान खाते वाऱ्याचा आणि किमान तापमानाचा अंदाज आदल्या दिवशी देते. मग ज्या प्रक्रियांतून तीव्र वायू सुटतात त्या या काळात दुपारी का घेतल्या जाऊ नयेत? शेतकरी पेरणी नक्षत्रावर करतो, कारखान्याने भट्टीचे वेळापत्रक ऋतूवर का ठरवू नये? दिल्लीत २०१७ पासून टप्प्याटप्प्याने निर्बंध घालण्याची योजना आहे, पण ती मुख्यतः आकडा चढल्यावर हलते आणि तिचा पहिला बळी बांधकाम मजूर असतो. त्यांची मजुरी बुडाली तेव्हा २०२१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला बांधकाम कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्या असे सांगावे लागले. आपण येथे मागणी करताना हे कलम प्रथम लिहिले पाहिजे: निर्बंधामुळे पाळी बदलली किंवा थांबली तर पूर्ण वेतन, कंत्राटी कामगारासह. दुसरे, मोजमाप रात्री व्हावे आणि तासागणिक आकडे कारखान्याच्या फाटकावर लागावेत, मराठीत. सरासरी त्यांनी त्यांच्या कचेरीत ठेवावी. तिसरे, उल्हास खोऱ्यातल्या सर्व पालिकांसाठी एकच यंत्रणा, आणि तिच्यात कामगार संघटनांचे प्रतिनिधी. कारखान्यातला माणूस आत काय जळते ते जाणतो. बाहेरच्या अधिकाऱ्याला ते शोधायला महिने लागतात.

यातले काहीही उपकार म्हणून मिळणार नाही. त्यासाठी पुरावा लागेल, आणि पुरावा रात्री गोळा करावा लागेल. माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात दोन हिवाळ्यांच्या नोंदी आहेत: तारीख, वेळ, वासाचे स्वरूप, उदबत्तीचा धूर कोणत्या बाजूला गेला, कोणाला दम लागला. एका म्हाताऱ्याने एका गच्चीवरून केलेल्या नोंदी म्हणून कोणतेही कार्यालय त्या बाजूला सारील. सागर्ली, सोनारपाडा, मानपाडा, निवासी विभाग आणि पश्चिमेला खाडीकाठ अशा पाच-सहा ठिकाणी, एकाच रात्री, एकाच तासाला नोंदी झाल्या तर ते सारता येणार नाही. रात्रपाळीचे कामगार आणि रखवालदार जागेच असतात. त्यांच्यापैकी काहींनी होकार दिला आहे. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात सुरुवात करायची आहे. वह्या मी आणून ठेवल्या आहेत.